मधली वाळू

नकाशावर हिचं नाव नव्वद मैल.
भरते पंचावन्नच.
कुणी घोड्याच्या चालीवरून मोजली म्हणे,
आणि वाळूत घोडा रेंगाळतो हे विसरला.
नायरी म्हणाली, पायांना विचार, नव्वदच आहेत.

सहाला तंबू गुंडाळला. ओहोटी लागून दोन तास झालेले.
उजवीकडे समुद्र, डावीकडे वाळूच्या टेकड्या,
त्यांच्यामागे पाइनचं रान.
समोर काही नाही.
म्हणजे धुकं नाही, वळण नाही, भूशिर नाही,
दक्षिणेला जाता जाता झिजून गेलेली एक रेघ.

डोळ्यांना काम हवं म्हणून आम्ही ठिपक्यांवर पैजा लावल्या.
मी म्हणाले ओंडका, ती म्हणाली गाडी,
अर्ध्या तासाने ट्रॅक्टरचा टायर निघाला
आणि चॉकलेटची वडी दोघींची हुकली.
दुसऱ्या ठिपक्याचे तीन घोडे झाले,
रानटी, पोटापर्यंत ओले,
आम्हाला पाहून न पाहिल्यासारखं करत टेकड्यांत शिरले.
तिसऱ्याची बस झाली.
काचेआडून तीस-चाळीस हात हलले.
आम्ही हलवले नाहीत. नंतर वाईट वाटलं.

एक गोष्ट मात्र खुपत होती.
मी पाण्याच्या अगदी कडेला, बूट भिजवत,
ती पार वर, भुसभुशीत वाळूत,
आणि दोघींच्या मधली घट्ट पट्टी,
जिच्यावर चालायला लोक इतक्या लांबून येतात,
ती रिकामी.
इकडे ये की, घोटा जाईल तुझा.
असू दे.
मी चुकून मध्ये गेले तर, जरा सरक.
एवढंच.

रागावली असणार. गॅसचा डबा मी एकच आणला होता.
पुढचे पाच किलोमीटर मी माफी जुळवत गेले.
आधी मनापासूनची,
मग थोडी तिच्यावर ढकललेली,
मग जिच्यात माझी चूकच उरली नव्हती अशी.

चौथा ठिपका माणूस निघाला.
गुडघाभर पाण्यात, टाचा गरागरा फिरवत
तो वाळूतून तुआतुआ काढत होता.
छोट्या शिंपल्या, बादली अर्धी भरलेली.
वर गाडीत त्याची नात पाय सोडून बसलेली.
एरुएरा, त्याने नाव सांगितलं.
नायरीला विचारलं, कुणाची तू?
मग ती दोघं त्यांच्या भाषेत बोलत राहिली,
मला एकच शब्द कळला, टीपेने.
तिचा भाऊ. जुलैमध्ये गेलेला.

एरुएराने टोपी काढली.
मला कळेल अशा भाषेत म्हणाला,
तुम्ही उलट्या निघालात.
आमची गेलेली माणसं याच वाळूवरून
उत्तरेच्या टोकाला जातात.
वाट सोडून चाललात, बरं केलंत.
आणि माझ्या टोपीत दोन ओंजळी शिंपल्या ओतल्या.

तोंडाशी आलेली माफी मी गिळली.
तिला खारट चव होती, किंवा ओठांवरच मीठ असेल.

दुपारी भरतीने मधली पट्टी गिळली.
दोघी वर, भुसभुशीत, एकीमागे एक,
तिच्या पावलांत माझी पावलं.
आता ते कुठून जात असतील,
मी विचारलं नाही.
समोर बरेच ठिपके हलले.
पैज कुणीच लावली नाही.

हुकाटेरेला उरलेल्या गॅसवर शिंपल्या उकडल्या.
टक, टक करत एकेक उघडत गेली.
एक शेवटपर्यंत उघडली नाही.
ती टाकून द्यायची असते.
नायरीने ती गरम गरमच मुठीत घेतली
आणि टेकडी उतरून अंधारात गेली.
पाणी पुन्हा मागे हटलं होतं.
तिच्या कपाळावरचा दिवा
वाळूच्या कडेशी थांबला. खूप वेळ.
मी भांडं घासलं. घासलेलं पुन्हा घासलं.

मग दिवा हलला.
मधल्या पट्टीवरून,
सरळ, घाई न करता, थोडं अंतर उत्तरेकडे.
तिथे वळला.

आली तेव्हा मोजे ओले होते.
बसली, घोटा चोळला.
गॅस कमी आणलास, म्हणाली.
हो, म्हटलं.